शब्दकोडे अडले की मदत कुठून घ्यावी, कशी घ्यावी

वर्तमानपत्रातले शब्दकोडे बहुतेक वेळा दोनच कारणांनी अडते. सूत्रात विचारलेली गोष्ट आपल्याला ठाऊक नसते, नाहीतर ठाऊक असलेला शब्द ऐन वेळी आठवत नाही. या दोन अडचणींवरचा उपाय एक नाही. भीमाच्या शंखाचे नाव कधी वाचलेच नसेल, तर अर्धा तास डोके खाजवूनही ते सापडणार नाही. तिथे सरळ कोशात बघावे किंवा जाणत्याला विचारावे. ‘वारा, तीन अक्षरी’ याचे उत्तर मात्र मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असते. तिथे एखादे छेदणारे अक्षर मिळाले की काम होते आणि कोश उघडावा लागत नाही.

म्हणून पहिल्या फेरीनंतर जी सूत्रे उरतील त्यांच्यापुढे पेन्सिलीने बारीक खूण करा: ‘ठा’ म्हणजे ठाऊक नाही, ‘आ’ म्हणजे आठवत नाही. मदत मागायची ती आधी ‘ठा’ सूत्रांसाठी. ती दोन-तीन सुटली की त्यांच्या अक्षरांवरून ‘आ’वाली निम्मी आपोआप सुटतात. उलट क्रमाने गेलात तर उत्तरे मिळतात, पण सोडवल्याचे समाधान हातचे जाते.

घरे मोजण्यात चूक झाली तर सगळी मदत वाया

आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले शब्दकोडे छापले ते रोमन अक्षरांसाठी. तिथे एका घरात एक सुटे अक्षर बसते. मराठी कोड्यात एका घरात पूर्ण अक्षर बसते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग सगळे त्याच घरात. जोडाक्षर कितीही भारदस्त असो, त्याला घर एकच. ‘स्वातंत्र्य’ तीन घरांचा शब्द (स्वा, तं, त्र्य), ‘महाराष्ट्र’ चार घरांचा, ‘दुःख’ दोन घरांचा. शब्दाच्या मध्ये पाय मोडलेले अक्षर आले तर ते पुढच्या अक्षराला चिकटून एकाच घरात जाते. ‘षट्कोन’ म्हणजे ष, ट्को, न. ‘वाङ्मय’ म्हणजे वा, ङ्म, य. शेवटच्या अक्षराचा पाय मात्र आता मोडत नाहीत. ‘विद्वान’, ‘परिषद’ असे लिहितात, आणि तिथला ‘न’ किंवा ‘द’ आपले स्वतंत्र घर घेतो.

सूत्रापुढे कंसात अक्षरसंख्या छापलेली असली तरी जाळ्यातली घरे एकदा बोटाने मोजाच. छपाईत कंसातला आकडा चुकतो, काळे घर सहसा चुकत नाही.

छेदातले अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत मात्रांसकट जुळावे लागते. ‘न’ आणि ‘नि’ ही दोन वेगळी अक्षरे. इथेच एक जुना सापळा आहे: ‘अनल’ म्हणजे आग आणि ‘अनिल’ म्हणजे वारा. दोन्ही तीन अक्षरी, पहिले आणि शेवटचे अक्षर सारखे. घाईत एकाच्या जागी दुसरा लिहिला जातो आणि मग मधल्या घरातून जाणारा शब्द काही केल्या जमत नाही. अशा वेळी त्या दुसऱ्या शब्दासाठी कुणाला विचारण्याआधी आधीचाच शब्द तपासा.

वेलांटी आणि उकाराचे नियम पाठ असले तर अशी अडचण निम्म्याने कमी होते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. कोड्यापुरते त्यातले तीन पुरतात. शब्दाच्या शेवटी येणारी इ आणि उ दीर्घ लिहायची: कवी, रवी, गुरू, भानू. अपवाद ‘आणि’, ‘नि’ आणि ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी संस्कृतातून आलेली अव्यये. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरी इ-उ दीर्घ: मीठ, तूप, बहीण, कठीण. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर तिथे मुळातली: गुण, विष, तरुण, मधुर. आणि समासातला पहिला शब्द मुळात ऱ्हस्वान्त असेल तर तो ऱ्हस्वच राहतो: कविमन, लघुकथा, बुद्धिवैभव. शेवटच्या घरात ऱ्हस्व वेलांटी येऊ लागली की आपला शब्द चुकला आहे, असे आधी धरून चाला.

स्वतःच स्वतःला करायची मदत

पहिल्या फेरीत फक्त खात्रीची उत्तरे लिहा. सुरुवात रिकाम्या जागा भरण्याच्या सूत्रांपासून करा, कारण म्हणीला सहसा दुसरे उत्तर नसते. ‘नाचता येईना ◯ ◯ ◯ वाकडे’ याला ‘अंगण’च. फक्त रूप सांभाळा. ‘गाढवाला ◯ ◯ ◯ चव काय’ इथे ‘गूळ’ शोधत बसलात तर घर उरते. उत्तर ‘गुळाची’ आहे, प्रत्ययासकट. मूळ शब्द आठवूनही घरांत बसत नसेल तर दहापैकी सात-आठ वेळा कारण प्रत्यय किंवा अनेकवचन असते.

सूत्राचे व्याकरण नेहमी उत्तराकडे बोट दाखवते. सूत्र ‘पळणे’ असेल तर उत्तरही ‘-णे’ने संपणार: धावणे. म्हणजे ‘णे’ हे शेवटचे अक्षर उत्तर ठाऊक नसतानाही पुसटसे लिहून ठेवता येते. ‘लाडकी’ असेल तर उत्तर ईकारान्त असण्याची शक्यता मोठी: आवडती. ‘पाण्यात’ विचारले असेल तर शेवटी ‘त’. ‘झाडे’ विचारले असेल तर अनेकवचन. फुकट मिळणारी ही अक्षरे बरेच जण घेतच नाहीत.

लिहायला मऊ पेन्सिल घ्या, २बी चांगली. टणक टोकाने वर्तमानपत्राचा कागद फाटतो, बॉलपेनने लिहिलेले खोडता येत नाही आणि चुकीचा शब्द डोळ्यांसमोर ठाण मांडून बसतो. शंका असलेले अक्षर घराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक लिहा; छेदाने खात्री पटली की मधोमध मोठे करा. पुढे कुणाला विचारायची वेळ आली की कुठले अक्षर पक्के आणि कुठले कच्चे, हे याच खुणांवरून सांगता येते.

आता सगळ्यात उपयोगी भाग. मराठी कोडी संस्कृत समानार्थी शब्दांवर फार अवलंबून असतात. ते एकेक पाठ करण्याऐवजी त्यांची घडण लक्षात ठेवली तर एका शब्दावरून दहा मिळतात.

पाण्याचे शब्द घ्या: जल, नीर, अंबु, वारि, तोय, पय. त्यांना ‘ज’ (जन्मलेला) लावला की कमळ होते: जलज, नीरज, अंबुज, वारिज. ‘द’ (देणारा) लावला की ढग: जलद, नीरद, अंबुद, वारिद, तोयद, पयोद. ‘धर’ लावला तरी ढगच: जलधर, पयोधर. ‘धी’ किंवा ‘निधी’ लावला की समुद्र: जलधी, अंबुधी, वारिधी, पयोधी, जलनिधी. आता ‘ढग, तीन अक्षरी, शेवट द’ असे दिसले की मधल्या अक्षरावरून निवडायचे एवढेच उरते. ‘वारिज’ आणि ‘अंबुज’ यांत मधली वेलांटी आणि उकार ऱ्हस्व का, हेही वरच्या समासाच्या नियमावरून कळते.

तसेच पृथ्वीचे. भू, मही, धरा यांना ‘धर’ लावला की पर्वत: भूधर, महीधर, धराधर. ‘प’, ‘पाल’, ‘पती’ लावला की राजा: भूप, भूपाल, महीपाल, महीपती. ‘रुह’ (उगवणारा) लावला की झाड: महीरुह. रात्रीला ‘कर’ किंवा ‘नाथ’ जोडला की चंद्र (निशाकर, रजनीनाथ), ‘चर’ जोडला की राक्षस (निशाचर). ‘ग’ म्हणजे जाणारा. आकाशात जाणारा खग म्हणजे पक्षी, छातीवर सरपटणारा उरग म्हणजे साप, वेगाने धावणारा तुरग म्हणजे घोडा, आणि जागचा न हलणारा नग म्हणजे डोंगर.

पुराणातल्या माणसांची नावे वडील, आई, कूळ किंवा देश यांवरून घडतात आणि घडताना पहिला स्वर वाढतो. जनक–जानकी, विदेह–वैदेही, मिथिला–मैथिली, सुमित्रा–सौमित्र, द्रुपद–द्रौपदी, गंगा–गांगेय, विनता–वैनतेय, रघु–राघव, कुरु–कौरव. म्हणजे ‘गरुड, चार अक्षरी’ अडले आणि गरुडाची आई विनता एवढेच आठवले, तरी ‘वैनतेय’ घडवता येते. या वर्गातला सापळा कर्णाचा. ‘कर्ण, तीन अक्षरी, शेवट य’ दिसले की हात ‘राधेय’ लिहू लागतो, पण ‘कौंतेय’ही तीन अक्षरी आहे आणि कर्ण कुंतीचाच मुलगा. मधले अक्षर ‘धे’ की ‘ते’ हे कळेपर्यंत दोन्ही कोपऱ्यात लिहून ठेवावेत.

दोन-तीन अक्षरांचे काही शब्द बोलण्यात कधी येत नाहीत, पण रचनाकाराला अडचणीची जागा भरायला ते सोयीचे पडतात. रव (आवाज), रद (दात), तम (अंधार), शर (बाण), असी (तलवार), अरी (शत्रू), अली (भुंगा), कपी (माकड), करी (हत्ती), कच (केस), कटी (कंबर), रसना (जीभ), दशन (दात), आनन (तोंड), वसन (वस्त्र). एवढे तोंडी असले तर कोपरे लवकर भरतात. अनेकार्थी शब्दही पाहून ठेवा. ‘कर’ म्हणजे हात, किरण आणि सरकारी कर. ‘द्विज’ म्हणजे ब्राह्मण, पक्षी आणि दात, कारण तिघांचाही जन्म दोनदा होतो असे मानतात.

उलटवण्याची सूत्रेही अधूनमधून येतात. ‘उलट केल्यास गरीब’ असे नदीच्या जागी दिलेले असते: नदी–दीन. कपी–पीक, लता–ताल, दास–सदा ही त्याच जातीची. उलटवताना अक्षर मात्रेसकट हलते, हे विसरू नका. ‘दोन्हीकडून सारखेच’ विचारले तर कनक, नयन, जलज, सरस, आणि पाच घरे असतील तर नवजीवन.

माणसाला विचारायचे तर नेमके काय सांगावे

‘सूर्याला दुसरा शब्द काय रे?’ असे विचारले की समोरचा ‘रवी’पासून सुरुवात करतो आणि चार नावे सांगून गप्प बसतो. यातले एकही बसत नाही, कारण त्याला घरेच सांगितलेली नसतात. विचारताना पाच गोष्टी द्या: शब्द आडवा की उभा आणि त्याचा क्रमांक, सूत्र जसे छापले आहे तसे शब्दशः, घरे किती, मिळालेली अक्षरे कुठल्या जागी, आणि त्यांतली पक्की कुठली. संदेश पाठवायचा तर असा:

‘उभा ७. सूत्र: सूर्य. चार अक्षरी. ◯ ◯ क र. दोन्ही अक्षरे पक्की. उत्तर नको, पर्याय सांगा.’

या एका उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. दिनकर, दिवाकर, प्रभाकर तिन्ही चार अक्षरी, आणि तिघांचाही शेवट ‘कर’. हाताशी दोन अक्षरे पक्की असूनही ती निवड करायला निरुपयोगी आहेत. पहिल्या अक्षरावरून ‘प्रभाकर’ वेगळा पडेल, पण ‘दिनकर’ आणि ‘दिवाकर’ यांत फरक फक्त दुसऱ्या घरात आहे. तेव्हा मदत ‘उभा ७’साठी मागण्याऐवजी त्याच्या दुसऱ्या घरातून जाणाऱ्या आडव्या शब्दासाठी मागावी. तो सुटला की सूर्य आपोआप सुटतो. कमळाचेही तसेच. तीन अक्षरी कमळाला शेवटी ‘ज’ मिळाला म्हणून हुरळू नका. पंकज, सरोज, नीरज, अंबुज, जलज, वारिज सगळे त्याच रांगेत उभे आहेत. पहिले किंवा दुसरे अक्षर मिळवा.

सूत्र शब्दशः देण्याचा आग्रह यासाठी की ‘वारा’ आणि ‘वारा घालण्याचे साधन’ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि आपण तोंडी सांगताना दुसरा भाग सहज गाळतो. सूत्रातले उद्गारचिन्ह, ‘जुने’, ‘काव्यात’, ‘ग्रामीण’ असे शेरेही सांगा. ‘काव्यात’ म्हटले असेल तर संस्कृत शब्द, ‘ग्रामीण’ म्हटले असेल तर बोलीतला, आणि ‘पेशवाईतला’ म्हटले असेल तर फारसी वळणाचा: कुमक, रसद, सनद, खलिता.

कुणाला काय विचारायचे हेही ठरवून घ्यावे. म्हणी, शेतीची अवजारे, नात्यांची नावे, सणवार, पोथ्यांतले उल्लेख यांसाठी घरातले वयस्कर माणूस कुठल्याही यंत्रापेक्षा वेगाने उत्तर देते. आजी किंवा आजोबांना जाळे दाखवत बसू नका. सूत्र आणि घरे मोठ्याने वाचा आणि मिळालेली अक्षरे शेवटी सांगा. आधी अक्षरे सांगितली की माणूस त्यांतच अडकतो आणि अर्थ बाजूला राहतो. चित्रपट, खेळ, संगणकाचे शब्द तरुणांना विचारा. कवींची टोपणनावे मराठी शिकवणाऱ्याला विचारा, नाहीतर एक छोटी यादीच करून ठेवा: गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, केशवकुमार म्हणजे प्र. के. अत्रे, अनिल म्हणजे आ. रा. देशपांडे. ही जोडी कोड्यात दोन्ही दिशांनी येते.

मदत करणाऱ्यालाही एक विनंती आधीच करून ठेवा: उत्तर तीन हप्त्यांत द्यायचे. आधी शब्दाचा प्रकार सांगायचा (संस्कृत आहे, प्रत्यय लागलाय, व्यक्तीचे नाव आहे). त्याने भागले नाही तर एक अक्षर. तेही पुरले नाही तर शब्द. पहिल्या हप्त्यातच निम्मी कामे होतात. गटात कोडे सोडवत असाल तर उत्तर गटावर न टाकता विचारणाऱ्याला एकट्याला पाठवावे, कारण बाकीच्यांचा तोच कोपरा अजून शिल्लक असतो. बक्षिसासाठी उत्तर पाठवायचे असेल तर मात्र आधी त्या स्पर्धेचे नियम वाचा.

कोश कसे वापरायचे

जालावर फुकट मिळणाऱ्या मराठी कोशांत सर्वांत कामाचा ठेवा शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात आहे. तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९५०) दोन्ही शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये फक्त मुख्य शब्दच नव्हे, तर नोंदीच्या मजकुरातही शोध घेता येतो. याचा फायदा असा की मराठी शब्द ठाऊक नसला तरी इंग्रजी अर्थ टाकून मराठी शब्दांची रांग मिळते. एखाद्या अवजाराचे, भांड्याचे किंवा वनस्पतीचे नाव अडले की हा रस्ता सोपा. दाते-कर्वे मराठीतून मराठी अर्थ देतात आणि बोलीतले, जुन्या काव्यातले, कागदपत्रांतले शब्द त्यांच्याकडे भरपूर आहेत. म्हणी-वाक्प्रचारांसाठी त्यांचाच वाक्संप्रदाय कोश वेगळा आहे.

हे कोश उघडून ‘शब्दच नाही’ म्हणून बंद करणारे बरेच जण असतात. कारण साधे आहे: दोन्ही कोश १९६२ च्या नियमांआधीचे आहेत आणि त्यांतले लेखन जुने आहे. तिथे ‘तळे’ सापडत नाही, ‘तळें’ सापडते. ‘मडके’ नाही, ‘मडकें’. ‘नाव’ टाकलेत तर होडी मिळेल, माणसाच्या नावासाठी ‘नांव’ टाका. एकारान्त नपुंसकलिंगी शब्द शोधताना शेवटी अनुस्वार द्यायचा, हा साधा नियम ठेवा. संस्कृतातून आलेले शब्द तिथे ऱ्हस्वान्त आहेत: कवि, मति, गुरु, भानु. शोध ऱ्हस्व रूपाने घ्या आणि उत्तर कोड्यात लिहिताना शेवटचे अक्षर दीर्घ करा. ही अदलाबदल विसरल्यामुळे शब्द बरोबर असूनही छेद चुकतो.

व्यक्ती, स्थळे, शास्त्रीय संज्ञा यांसाठी मराठी विश्वकोश जालावर आहे. नक्षत्रे, योग, संवत्सरे, तिथी यांसाठी पंचांग पुरते. सत्तावीस नक्षत्रे आणि साठ संवत्सरांची नावे कोड्यात वरचेवर येतात. तेवढ्यासाठी दुसरे काही शोधायची गरज नसते. महाभारतातल्या वस्तूंची नावे एकदाच लिहून ठेवा. शंखांपुरते सांगायचे तर कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक.

शोधयंत्र आणि संवादी यंत्रे

शोधयंत्रात नुसते सूत्र टाकू नका. ‘ढग समानार्थी शब्द’ असे टाका. म्हण अर्धी आठवत असेल तर आठवणारा तुकडा अवतरणचिन्हांत टाका, उरलेला भाग बहुधा पहिल्या दोन-तीन दुव्यांत मिळतो. अर्धवट शब्द, म्हणजे दोन अक्षरे आणि मध्ये रिकामी जागा, असा टाकून मात्र काही हाती लागत नाही.

प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या संवादी यंत्रांना ‘तीन अक्षरी’ म्हणून विचारले तर ती वारंवार चुकतात, आणि त्याला ठोस कारण आहे. संगणकात देवनागरी तुकड्यातुकड्यांनी साठवलेली असते. ‘क्षत्रिय’ आपल्या हिशेबाने तीन घरांचा शब्द. संगणकाकडे तो क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य अशा आठ चिन्हांचा असतो. म्हणून मोजणीचे काम त्यांच्यावर टाकूच नये. ‘ढगाचे मराठी आणि संस्कृत वीस प्रतिशब्द दे’ एवढेच मागा आणि घरे स्वतः मोजा. मिळालेला शब्द अनोळखी असेल तर तो कोशात आहे का ते बघितल्याशिवाय शाईने लिहू नका, कारण कानाला गोड लागणारा पण अस्तित्वातच नसलेला शब्दही ती बेधडक पुढे करतात.

चूक नेमकी कुठे आहे ते शोधताना

दोन शब्द एकमेकांना छेदताना भांडू लागले की ज्या शब्दाचे कमी छेद सिद्ध झालेत त्याच्यावर आधी संशय घ्या, मग तो कितीही आवडीचा असो. काही अक्षरे स्वतःच चूक सांगतात. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, ‘ण’नेही व्यवहारात होत नाही. पहिल्या घरात ही अक्षरे आली तर त्या घरातून जाणारा दुसरा शब्द खोडा. पहिल्या घरात ‘ङ’ किंवा ‘ञ’ आले तरी तेच.

सगळे करूनही एक कोपरा सुटत नसेल, तर छपाईतली चूक असू शकते. आडव्या आणि उभ्या सूत्रांचे क्रमांक जाळ्यातल्या क्रमांकांशी ताडून पाहा. एखादा क्रमांक गाळला गेला की पुढची सगळी सूत्रे एक घर सरकतात. जाळे सममित असेल तर कागद उलटा फिरवून पाहा, काळ्या घरांची नक्षी तशीच दिसायला हवी. जिथे जुळत नाही तिथे काळे घर राहून गेले आहे किंवा जास्तीचे पडले आहे.

दुसऱ्या दिवशी छापून येणारे उत्तर पाहायचीही एक रीत आहे. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाला कोड्याच्या एका घराएवढे चौकोनी भोक पाडा, तो कागद उत्तराच्या जाळ्यावर ठेवा आणि अडलेल्या शब्दातले फक्त एकच घर उघडे करून पाहा. बहुतेकदा तेवढे एक अक्षर पुरते. नाही पुरले तर तो शब्द ‘ठा’ वर्गातला होता असे समजा आणि वहीत घ्या. वहीत एका अर्थाला एक पान आणि पानावर २, ३, ४, ५ असे अक्षरसंख्येचे रकाने पाडा. ‘हत्ती’च्या पानावर दोनाखाली गज, करी, तीनाखाली कुंजर, वारण, मातंग. अकारविल्हे यादी कोड्यासाठी फारशी कामाची नसते, कारण पहिले अक्षर बहुधा हाती नसते. घरे किती, हे मात्र नेहमी माहीत असते. जे आपल्याला सुटले ते लिहू नका, फक्त चुकलेले आणि अडलेले लिहा, म्हणजे वही छोटी राहते आणि पान लगेच सापडते.